सुई घालण्याआधी

माणसाला नेमकं काय हवंय हे त्याच्याआधी ओळखणारा अख्ख्या सोलापुरात एकच गृहस्थ होता, आणि ते म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड केलं होतं. कार्डाच्या कडेला भोकं, एकेक भोक एकेका विषयाचं. पुस्तक त्या विषयाचं असेल तर भोकाची कड कापलेली. गठ्ठ्यातून स्वेटर विणायची सुई घालून उचलली की हव्या विषयाची कार्डं टपाटप खाली पडायची. दोन विषय एकत्र हवे असले, तर पडलेल्यांतून पुन्हा सुई. म्हणजे वाचकानं जितक्या अटी घालाव्या तितक्या वेळा यांचा हात दुखायचा. म्हणून मागणी चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि सुईला हात लावण्याआधी लाल पेन्सिलीनं खोडायची, हा त्यांचा शिरस्ता.

एका बाईंनी "शेतीवरची, किंवा शेतीतल्या ज्वारीवरची" पुस्तकं मागितली. "बाई, ज्वारी शेतीतच येते की!" म्हणून त्यांनी चिठ्ठीचं शेपूट उडवलं. एका वकिलांनी लिहिलं, "कायद्याची नाहीत अशी नसलेली." दोन्ही नकार खोडून हे म्हणाले, "वकीलसाहेब, फी शब्दावर घेता काय?" एका मास्तरांना रहस्यकथा हवी होती, पण तीत रहस्य नको होतं. त्यांना तर गठ्ठा न उघडताच सांगितलं, "घरी जा, जेवा."

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिलाच, हे मी आजही छाती काढून सांगतो. कुर्डुवाडीच्या एका संस्थेत लेखनिकाची जागा निघाली होती. जाहिरातीत लिहिलं होतं : 'उमेदवार पदवीधर असावा. तसेच तो पदवीधर किंवा कार्यालयीन अनुभव असलेला असावा.' अनुभव हा शब्द वाचूनच मी ते कात्रण घडी करून खिशात टाकलं. गावी, मैंदर्गीला, वडील म्हणजे आबा म्हणाले, "आपल्याकडं अनुभव कुटला? नांगराचा हाय तेवडा." अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी ते कात्रण घेऊन वाचनालयात नुसताच बसलो होतो. ग्रंथपालांनी ते ओढून घेतलं.

"मैंदर्गीकर, पदवीधर आहेस?"

"आहे की, सर."

"मग दुसरी अट तुझ्या पदवीनंच पुरी झाली. अनुभव असो नसो." आणि अख्खं दुसरं वाक्य त्यांनी खोडलं. "ऊठ. पोस्ट पाचला बंद होतं."

मुलाखतीत साहेबांनी अनुभवाचं विचारलंच. मी पाठ केल्यासारखं हेच सांगितलं. साहेबांनी जाहिरात दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि खदखदून हसले. नोकरी लागली.

पेढे घेऊन वाचनालयात गेलो. त्यांनी एक तोंडात टाकला आणि मान खाली घालूनच विचारलं, "कॉलेजात मागच्या बाकावरनं फळा दिसतो का रे?"

मी हसलो. "असं का विचारता, सर?"

"मी मॅट्रिक. आत कधी गेलो नाही."

मग मी त्यांना सगळं सांगत बसलो : बाकं, घंटा, प्राध्यापकांची खोकण्याची तऱ्हा, अगदी उन्हाळ्यात खिडकीतून येणारी धूळसुद्धा. ते मध्येमध्ये म्हणत होते, "हळू सांग की. घाई काय हाय?"