गुंडाप्पाच्या गिरणीतला पिल्लांचा पाला

बोरगावात गुंडाप्पा मगदूमच्या गिरणीवर दळण घेऊन गेलेली बाई डबा टेकवायच्या आधी विचारते, "माझ्या आधी कुणाचं हुतं?" ज्वारीवर गहू चालतात, मिरचीवर चालत नाहीत, आणि लसणाचं नाव काढलं तर गुंडाप्पा मशीनचा पट्टाच उतरवून ठेवतो. तो जैन. कांदा-लसूण त्याच्या घरात नाही, गिरणीत नाही, आणि माझ्या तोंडाला वास असला तर मीही गिरणीत नाही. शाळेपासूनचा दोस्त मी, पण माझी जागा बाहेरच्या पायरीवर. "तितनंच बोल. तुझा रस्सा माझ्या पिठात पडंल," म्हणतो. जन्मभर मी पायरीवरनं ओरडून बोलत आलोय. आमच्या गप्पा सगळ्या गावाला पाठ आहेत त्या त्यामुळं.

हा पहिल्यापासूनच असा. शाळेत वर्ग झाडायची पाळी आली की आधी मुंग्या कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. मास्तर यायचे तेव्हा अर्धा वर्ग तसाच. छडी मात्र मला, कारण मी हसायचो. मुंग्यांपायी मार खाल्लेला पोरगा तालुक्यात मी एकटाच असेन.

अशा माणसाच्या दारात माझी सून सौम्या कोंबडीच्या पिल्लांसाठी गेली.

सौम्या एक दिवसाची पिल्लं आणते, महिन्याची करते आणि आसपासच्या बायकांना परसात पाळायला देते. मागच्या उन्हाळ्यात सगळी पिल्लंच गेली. दुपारी चोच उघडून धापा टाकायची, संध्याकाळी आडवी. माझा मुलगा विक्रम तेव्हाच म्हणाला, "अजून एक उन्हाळा बघतो. पुन्हा मेली तर शेडात तंबाखू भरायचा." तंबाखूला उन्हाळ्याचं काही नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. सौम्यानं भांडी त्या दिवशी फार मोठ्यानं घासली.

या वर्षी तिनं जनावरांच्या डॉक्टरला आधीच गाठलं. मी बरोबर होतोच, मी कुठं नसतो? डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताण बसला की पिल्लाच्या अंगात बिघाड सुरू होतो, लोखंड गंजावं तसं अंग आतनं गंजतं. मला लगेच पटलं. पावसात राहिलेलं कुळवाचं लोखंडी पातं आणि मी, दोघांचे सांधे सारखेच वाजतात. डॉक्टरांनी सांगितलं, सावली, गार पाणी आणि कमी गर्दी, हे आधी. मग शेवग्याचा पाला, तुळस, हळद, थोडा लसूण. "हे औषध नव्हे," त्यांनी बजावलं, "नुसता आधार."

शेवगा आणि तुळस सौम्यानं सावलीत वाळवली आणि पोतं घेऊन गिरणीवर गेली. मी पायरीवर.

"आप्पा, एवढं दळून द्या."

"कुणाला खायाला?"

"पिल्लांना."

गुंडाप्पानं हात मागं घेतला. "कोंबड्या? माझ्या गिरणीत?"

"मारायला न्हाय आप्पा, जगवायला. उन्हानं मरत्यात."

आता हा माणूस अडकला. मुंगी सोडवणारा, त्याला जगवायला म्हटल्यावर नाही कसं म्हणवेल? त्यानं पोत्यात नाक घालून लसूण नाही ना हे बघितलं. मग म्हणाला, "पाला दळतो. हळद दळतो. लसूण न्हाय. आणि तुज्या शेडात मी पाऊल टाकणार न्हाय."

"लसूण मी कुटतो," मी बाहेरून ओरडलो.

"तू कूट, आणि हात धुतल्याबिगर हिकडं येऊ नगं!"

भुकटी झाली, हिरवी-पिवळी. आमच्या घरात ओल धरते म्हणून डबा गिरणीतच ठेवला. सौम्या लागेल तशी न्यायची.

महावीर जयंती जवळ आली आणि गावात कुजबुज सुरू झाली, गुंडाप्पाच्या गिरणीत कोंबडीचं खाणं दळतात. एका सकाळी आक्काताई चार बायका घेऊन आली. आक्काताई म्हणजे असा आवाज की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा.

"गुंडाप्पा, आता जयंतीचं दळण तुज्याकडं कसं आणायचं रं?"

गुंडाप्पानं डबा उघडला, मूठभर भुकटी तोंडात टाकली आणि चावत उभा राहिला. ओठ हिरवे, मिशी पिवळी. पोपटाला मिशा फुटल्यासारखा दिसत होता. "शेवगा, तुळस, हळद," तो भुकटी उडवत म्हणाला. "ह्यात काय बाटलं सांगा. ह्यानं म्हणं अंग आतनं गंजत न्हाय."

मग आक्काताईनं विचारलं, "गंजत न्हाय? गुडघं बी?"

"डॉक्टर कोंबडीचं बोलला गं, आक्का," मी पायरीवरनं म्हणालो.

"कोंबडीला गुडघं नसत्यात व्हय?"

झालं. डॉक्टरांनी गुडघ्याचं अवाक्षर काढलं नव्हतं, पण वाट्या आल्या. कुणी कोंबडी म्हणालं नाही, सगळ्या 'पाला' म्हणू लागल्या. गुंडाप्पाला नाही म्हणता येईना. गिरणीचं नाव राखलं गेलं या आनंदात तो वाटत सुटला. सौम्या डबा घ्यायला आली तेव्हा तळ दिसत होता. शेवगा आम्ही आधीच ओरबाडलेला, नुसती काठी उभी.

ती भांडली नाही. रिकामा डबा हातात धरून एवढंच म्हणाली, "आप्पा, उद्यापासनं ऊन वाढणार हाय. ही पिल्लं गेली तर शेड बी गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडात बघवत नव्हतं. पिल्लं पंख पसरून, चोची उघडून. मी पत्र्यावर ओली पोती टाकत होतो. विक्रमही मुकाट्यानं बादल्या आणत होता, तंबाखूचा शब्द नाही. तेवढ्यात लुना वाजली. गुंडाप्पा! दारोदार फिरून त्यानं पाला परत मागितला होता. कुणाकडून चिमूट, कुणाकडून वाटी. आणि एक स्टीलचा डबा.

"हे काय?"

"आक्काताईनं पाल्याचे लाडू केलते," तो शेडाकडं पाठ करून म्हणाला. "गूळ घालून."

"तूप न्हाय न्हवं? पिल्लांना बाधंल," सौम्यानं विचारलं.

"आक्काताईच्या हातनं तूप सुटतंय व्हय गं?"

सौम्या कालपासून पहिल्यांदा हसली. लाडू फोडून बादलीतल्या पाण्यात टाकले; मी कुटलेला लसूण त्यात आधीच होता. तिचे दोन्ही हात पिल्लं विरळ करण्यात, माझे पोत्यात. "आप्पा, बादली ढवळा की!"

गुंडाप्पा हलला नाही. मग आतनं एक पिल्लू चिवचिवलं, अगदी बारीक. तो वळला, वाकून शेडात शिरला आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला.

"गुंड्या, त्यात लसूण हाय!" मी ओरडलो.

"गप, आधी भांडी दे!"

पाणी गाळून भांड्यांत भरलं. ऊन कलेपर्यंत आम्ही पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवत बसलो. थोडी गेली. गुंडाप्पानं त्यांच्यावर स्वतःचा पंचा टाकला. पण बाकीची संध्याकाळी टिपायला लागली, आणि विक्रम तंबाखू चुलत्याच्या गोदामात ठेवतो म्हणाला. पाल्यानं वाचली, ओल्या पोत्यानं की गुळानं, देव जाणे. आक्काताईला विचाराल तर लाडवानं.

गुंडाप्पाच्या घरी परतलो तर गुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, उंबऱ्यावरच नाक धरलं. "हाताला कसला वास? आंघूळ केल्याबिगर आत यायचं न्हाय. पाणी तापंपर्यंत भाईर बसा."

गुंडाप्पा गिरणीच्या पायरीवर, माझ्या नेहमीच्या जागेवर आला. "सरक रं जरा."

"लांब बस," मी म्हणालो. "लसणाचा वास येतोय."