लिंपलेला दगड

दरेकशाच्या डोंगरातल्या कपारीतला दगड मी फोडला. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेले नाही. बायकोला सांगितले नाही, ज्यांनी मला शिकवले त्यांना सांगितले नाही, आणि ज्याला सांगायला हवे होते त्याने तोंडावर विचारले तेव्हा मी 'नाही' म्हणालो.

मी गोंदियाचा. कलकत्त्याला भूगर्भशास्त्र शिकत होतो. मोहल्ल्यात कोणी विचारले की पोरगा काय शिकतो, तर वडील 'सायन्स' एवढेच सांगून विषय बदलत. शेजारचा दुकानदार मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "पत्थर पढने गया है कलकत्ता. इधर पत्थर कम थे क्या?" वसतिगृहात मराठी बोलणारा मी एकटा. आंघोळ करताना चार वाक्ये स्वतःशीच बोलून घ्यायचो, जिभेला सवय राहावी म्हणून. प्रयोगशाळेत बरे वाटे. तिथे कोणालाच फारसे बोलावे लागत नसे. भिंग डोळ्याला लावून बसलेला माणूस एकटा असला तरी त्याची कोणाला कीव येत नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मुलूख निवडायचा, तिथल्या खडकांचा नकाशा करायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असा नियम होता. बाकीची मुले जोडीजोडीने गेली. माझ्याशी जोडी लावायला कोणी आले नाही, मीही कोणाला विचारले नाही. घराजवळचे म्हणून दरेकसा घेतले. गेलो तेव्हा धान कापून झाले होते. तिथल्या स्टेशनमास्तरांनी सामानाची एक रिकामी खोली राहायला दिली आणि वाटाड्या म्हणून एक गोंड गृहस्थ गाठून दिले. वय पन्नाशीच्या पुढे. जंगलात लाकूडतोडीची मजुरी करीत. बायको वारलेली, मूलबाळ नाही, झोपडी गावापासून जरा लांब. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला बाबू.

पहिल्याच दिवशी मी हातोडा चालवला तसे ते खाली बसून बघत राहिले.

"कायले फोडता जी बाबू? अंदर काई निंगते का?"

"बाहेरचा दगड उन्हापान्यानं बदलते मामा. खरा रंग अंदरच दिसते."

"मानसाचं बी तसंच हाय. पन आमी फोडून नाई पाहत."

दगडाचा तुकडा निघाला की मी त्यावर नंबराची चिठ्ठी डकवून तो थैलीत टाकत असे. तेवढ्यात मामा वाकत, मूठभर माती घेत, कमरेच्या तुंब्यातल्या पाण्याने ती कालवत आणि खडकाच्या ताज्या, उजळ फोडीवर फासत. प्रत्येक वेळी. मी विचारले, "काऊन?"

"उघडा कायले ठेवाचा? थंडी पडून राहिली."

थट्टा होती की खरे, मला कळले नाही. गावातली माणसे मात्र त्यांना हसत. "मामा दगडाले मलम लावते," असे पोरीबाळी सुद्धा म्हणत. असे करणारा त्या पंचक्रोशीत तो एकच माणूस होता. हे मला ठाऊक होते. पुढचे वाचताना हे लक्षात असू द्यावे.

दिवसभर आम्ही चढत-उतरत असू. मी होकायंत्र धरून खडकांचा उतार मोजायचा, ते सावलीत बसून तंबाखू मळायचे. दुपारी भाकरीबरोबर त्यांनी आणलेली लाल मुंग्यांची चटणी मी खाल्ली, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. कलकत्त्यात तीन वर्षांत माझ्याशी इतके कोणी बोलले नव्हते.

मी एक सांधा शोधत होतो. त्या डोंगरात खाली जुन्या लाव्हाचा काळपट खडक आहे आणि वर गोट्यांचा थर. दोन्ही एकमेकांवर टेकलेले एके ठिकाणी सापडले असते, तर आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे सिद्ध झाले असते. पण सगळीकडे मध्ये माती आणि झाडोरा. मी रोज रिकाम्या हाती परत येई. एका सकाळी मामा म्हणाले, "बाबू, तुमी धुंडून राहिले ना, दोन जातीचे दगड एकावर एक, ते दाखवतो. चला."

त्याच डोंगरातली कचारगडची मोठी गुहा, गोंडांचे देवस्थान, सगळ्यांना माहीत आहे. ही कपार तिच्या बरीच अलीकडे, ओढ्याच्या वर, त्या एका गावाची. आत देवाची जागा होती. मातीचे दोन घोडे, काही गोटे. नवा तांदूळ आला की पहिली मूठ तिथे वाहतात, आणि ती मूठ मामांच्या हातची असे. त्यांच्या वडिलांच्या हातची होती, त्यांच्या आज्यांच्या हातची होती. कपारीच्या भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीला, तो सांधा आडवा गेला होता. वरच्या थरात खालच्याच खडकाचे झिजलेले गोटे रुतलेले. म्हणजे खालचा आधीचा, वरचा नंतरचा. मी हात पुढे केला.

"हात लावा," मामा म्हणाले. "हातोडी नाई."

"नाही मारत."

"तसं नाई. माह्याकडे पाहून म्हना."

"नाही मारणार, मामा."

मी चित्र काढले, मापे घेतली. पण आमच्याकडे चित्राला किंमत नव्हती. आमचे प्राध्यापक म्हणत, चित्र कोणीही काढतो, दगड टेबलावर ठेवा. दोन्ही खडक एकाच तुकड्यात असलेला, तळहातावर मावेल एवढा नमुना हवा होता. तो त्या भिंतीखेरीज कुठेही नव्हता.

माझे जायचे दोन दिवसांवर आले आणि मामा तापाने पडले. मी झोपडीत डोकावलो. पाण्याचे मडके जवळ सरकवून ठेवले. मग डोंगराकडे निघालो. एकदा मापे ताडून बघू, असे मी स्वतःला सांगितले, पण हातोडा थैलीत घेतला होता. तीन घाव लागले. तुकडा अगदी हवा तसा निघाला, खाली काळा, वर गोट्यांचा, मधून सांध्याची रेघ. भिंतीवर मात्र उजळ खोक पडली, कपारीच्या तोंडाशी उभे राहिले तरी डोळ्यात भरेल अशी.

तेव्हा मी मामा करायचे तेच केले. माती कालवली आणि खोकेवर लिंपली. झाकले जावे म्हणून लिंपली, आणि त्यांच्यासारखे केले तर चुकीचे वजन थोडे उतरेल असेही वाटले. ती माती कोणाचे नाव सांगेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही. आले नाही, असे मी इतकी वर्षे म्हणत आलो आहे.

निघायच्या दिवशी मामा फलाटावर आले. तापाने गाल बसले होते. माझे पेटारे खिळे ठोकून तयार होते.

"कपारीतला दगड कोनीतरी फोडला," ते म्हणाले. "वर माती हाय. गाववाले म्हनतेत, दगडाले माती दुसरा कोन लावते? बाबूच्या नादानं तूच फोडला. मी त तापानं पडलो होतो. पन मी पडलो होतो हे पाहाले घरी कोन हाय?"

मी पाहिले होते. माझ्याशिवाय कोणीच पाहिले नव्हते.

"तुमी फोडला का जी? फोडला असन त सांगा. शिकनारा पोरगा हाय, चुकला, म्हनतीन. तुमाले काई नाई करत. दगड परत ठेवू, मी मनवून घेतो देवाले."

तो दगड माझ्या पायाशी, तिसऱ्या पेटाऱ्यात होता. खिळे काढायला दोन मिनिटे लागली असती.

"नाही मामा," मी म्हणालो. "मी तिकडे गेलोच नाही."

त्यांनी मान हलवली. गाडी आली तेव्हा तो पेटारा त्यांनीच उचलून डब्यात चढवला. "जड हाय," एवढेच म्हणाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो दगड हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. पहिला वर्ग मिळाला, त्यावर नोकरी मिळाली. प्रबंधात 'प्रस्तुत लेखकास हा सांधा आढळला' असे वाक्य आहे. मामांचा उल्लेख कुठेही नाही. पुढे त्याच कॉलेजात मीच शिकवू लागलो, नमुन्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, आणि दर वर्षी तो दगड मुलांच्या हातात देत आलो. कोणी विचारते, "सर, हा तुम्हालाच सापडला ना?" मी हो म्हणतो.

काही वर्षांनी ते स्टेशनमास्तर गोंदियाच्या फलाटावर भेटले. मी मामांची चौकशी केली.

"तो दगडाला मलम लावणारा? त्याला पूजेला उभा नाही करत आता. मूठ दुसराच कोणी वाहतो. हा त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे बसून राहतो. वर जात नाही, कोणाशी भांडत पण नाही." मग हसून म्हणाले, "तुमच्याबद्दल विचारत असतो. बाबू पास झाला का म्हणतो."

तेव्हाही मी गेलो नाही. पुढे मामा वारल्याचे कळले. कलकत्त्याच्या गाडीने जाता-येता दरेकसा लागते, तेव्हा मी खिडकीपासून उठून दाराशी, पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो. घरात, कॉलेजात माणसे आहेत, पण कोणी विश्वासाने आपले काही दाखवू लागले की मी कामाचे निमित्त काढून उठतो. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचे म्हणजे बंद दारावर हात आपटायचा. तिचे चुकत नाही.

गेल्या आठवड्यात तो दगड मी कपाटातून काढून घरी आणला. त्याच्या जागी, नमुना काढून नेला आहे, अशी माझ्या सहीची चिठ्ठी ठेवली. आता तो या कागदांशेजारी आहे. एका कडेला वाळलेली माती अजून चिकटलेली आहे. खोक लिंपून तशाच हातांनी तो उचलला होता, तेव्हाची.

मामांचा एक भाचा दरेकशात आहे. त्याला आणि त्याच्या गावाला मी हा दगड देणे लागतो. आणि मामांनी तो फोडला नव्हता, मी फोडला, हे भाच्यापुढे आणि गावापुढे उभे राहून सांगणे लागतो. दोन्ही अजून दिलेले नाही.