तेविसाव्या झाडावरची राख

बिबट्या गोठ्याशी येऊन गेला तरी बयाबाई ढेबे जेवणावरून उठायची नाही. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाडीत जन्म काढलेली बाई ती. पण यंदा फाल्गुनात तिला भीती वाटली, तीही नाशपातीच्या एका झाडापायी. वाडीत कुणाला सांगितलं असतं तर पोरीबाळींनी हसून हसून तिचा जीव खाल्ला असता.

कामथडीचे मानसिंग सर, शेतकी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वाडीखालच्या माळावर नाशपातीचा संकर करत होते. डोंगरातलं एक जुनं, दगडासारखी फळं देणारं झाड मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, अंगाला लागू देत नसे. त्याचं लगीन त्यांनी गोड फळाच्या जातीशी लावलं. बयाबाई पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली. सहा वर्षांत साठ झाडं उभी राहिली आणि मग त्यांची परीक्षा सुरू झाली. औषध मारायचं नाही. उलट माव्यानं भरलेल्या डहाळ्या आणून प्रत्येक झाडाला दोऱ्यानं बांधायच्या आणि कोण तगतं ते बघायचं. ज्या हातानं पाणी घातलं त्याच हातानं कीड सोडायची, हे बयाबाईच्या अगदी जिवावर यायचं.

त्यात तेविसावं झाड तिचं लाडकं. गारपिटीत मोडलं तेव्हा लुगड्याची चिंधी बांधून तिनंच ते जगवलं होतं. त्याची पानं मुरडू लागली आणि तिला राहवेना. सर तपासण्यांसाठी पुण्याला दवाखान्यात होते. तेवढे आठ दिवस, पानांवर दव असताना, तिनं रोज चुलीची राख धुरळली. वालाच्या वेलावर वाडीत टाकतात तशीच. मावा गळून पडला. सर यायच्या आदल्या दिवशी तिनं पानं धुऊनही काढली. म्हणजे बाईला सगळं कळत होतं.

सर आले आणि हरखून गेले. साठांत एकच झाड स्वच्छ! त्यांनी त्याला लाल फीत बांधली. त्याची कलमं वरवे-शिवऱ्याच्या शेतकऱ्यांना द्यायची ठरली. बाकीची एकोणसाठ शनिवारी उपटायची.

तेव्हापासून बयाबाईला घास गोड लागेना. परक्यांच्या रानात मुरडलेली पानं आणि त्यांच्यापुढं मान खाली घालून उभे असलेले सर तिला दिसायचे. सांगून टाकावं, तर फाटकाची किल्ली तिच्या कमरेला. एवढा भरवसा तिच्यावर आजवर कुणीच टाकला नव्हता. तो जाईल या भीतीनं तिची जीभच उचलेना.

शनिवारी सरांनी पहिल्या झाडाच्या बुंध्याशी कुदळ घातली.

"सर, थांबा," ती म्हणाली. "त्येविसाव्यावर म्या राख टाकलिया. तुमी पुण्याला व्हता तवा."

सर कुदळीवर हात टेकून उभे राहिले. ओरडले असते तर बरं, असं तिला झालं.

"बाकीच्यांवर?"

"न्हाई. ह्येच एक."

"मग आजच डहाळी बांधा. तुम्हीच बांधा, बयाक्का."

तिनं बांधली. बाकीची झाडं उपटणं तूर्त थांबलं. पुढं रोज सकाळी ती पानं उलटून बघायची. नवव्या दिवशी बुंध्यावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढताना दिसली. मावा आला की मुंग्या येतातच. शेंड्याची पानं वळली होती. तिनं मोबाईल लावला.

"सर, त्येविसाव्याला मावा लागला."



"कुणाला कमी लागलाय?"

"सातव्याला न् एकेचाळिसाव्याला. पर त्येबी स्वच्छ न्हाईत."

"मग त्या दोघांचा संकर करायचा. नवं बी, नवी रोपं. पुन्हा सहा वर्षं." सरांचा आवाज खाली आला. "डॉक्टरांनी मला तेवढी दिलेली नाहीत, बयाक्का. आता हे तुम्ही करायचं."

फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही. ती सातव्या झाडापाशी गेली. एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती. कारण आता राख टाकली तर थांबवणारं कुणी नव्हतं.