तिघे गेले डीच्या गुहेत

भाऊजींची तीन माणसं माझ्या हातून गेली ती नागभीडला, शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. पोलीस केस झाली नाही. (झाली असती तर पंचनामा कुठे करायचा हा प्रश्नच होता. त्या गुहेचा पत्ता मला आजही नीट सांगता येत नाही!)

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझी थोरली बहीण शोभाताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिच्या मागोमाग भाऊजींचा कॉम्प्युटरही माहेरी आला होता. भाऊजी गडचांदूरला, एका सिमेंट कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. त्यांच्या क्वार्टरमध्ये धूळ इतकी, की चहावर सायीच्या आधी सिमेंट धरायचं. "शोभाले जपता तसं यालेबी जपा," असं सांगून त्यांनी बायको आणि मशीन एकाच जीपमधून आमच्या दारात उतरवलं. त्यानंतर ते दर शनिवारी भेटायला येऊ लागले. ताईला वाटायचं, तिला भेटायला येतात.

मशीन म्हणजे टाइपरायटरसारखा कीबोर्ड, शेजारी फ्लॉपी घालायची पेटी, आणि पडदा म्हणून आमचाच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाबा जंगलखात्यात वनरक्षक होते. वाघासमोरही त्यांनी कधी टोपी काढली नव्हती. (तेव्हा ती आपोआप पडली होती.)

फ्लॉपीवर एक खेळ होता. त्यात एक गाव, एक सराय, एक जंगल आणि जंगलाच्या टोकाला एक गुहा. चित्रं नावालाही नाहीत! आपली माणसं म्हणजे एक ठिपका, अस्वल म्हणजे इंग्रजी बी, आणि गुहेतला ड्रॅगन म्हणजे इंग्रजी डी. बाकी सगळं आपण मनात बघायचं. आणि खोटं कशाला सांगू, आम्हाला दिसायचं! तो बी पडद्यावर सरकला की आईला त्याचे केस दिसायचे.

खेळ सुरू होण्याआधी तो लिहिणाऱ्याचा मजकूर यायचा. मी तो आईला मराठीत सांगितला. "या खेळाच्या हव्या तेवढ्या नकला करा, मित्रांना वाटा. आवडला तर मला पत्र लिहा आणि मनाला येईल ते पाठवा."

"म्हणजे विरजण," आई म्हणाली.

"काय?"

"शेजारीन वाटी घेऊन येते. चमचाभर देल्यानं आपलं दही कमी होते का? ती लावते, तिच्याकडून तिसरी नेते. तसंच हे."

मी भाऊजींनी दिलेलं कॉम्प्युटरवरचं इंग्रजी पुस्तक दीड महिना वाचत होतो. त्यातलं पहिलं प्रकरण आईने उभ्या उभ्या, हातात लाटणं धरून संपवलं!

"आन त्या मानसाले जवाईबापूनं काय पाठवलं?"

"काई नाई."

"वर्षभरापासून त्याच्या घरचं दही खाऊन राह्यले, आन वाटी रिकामीच?" सात समुद्रापलीकडचा एक माणूस, ना ओळख ना पाळख, घरचं दार उघडं टाकून बसला आहे, याचं आईला फार वाटलं. मलाही वाटलं. आजही वाटतं.

आता माझं. मी बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी होतो. भाऊजींच्या विभागात एक जागा निघणार होती. "साहेबाले मी तुझं नाव सांगतो," भाऊजी म्हणाले होते. "पन मशीनची समज आली पायजे. पुस्तक वाच. आन माह्या फ्लॉपीले हात लावशीन त पाह्य! माहे चौघं आठ महिन्यांचे आहेत. हे मशीन मेलेला मानूस लिहून ठेवते, मंग पुसू नाई देत."

या चौघांची नावं भाऊजींनी स्वतः ठेवली होती. लढवय्या प्रभाकर, म्हणजे खुद्द भाऊजी. जादूगार साहेब, म्हणजे ज्यांच्या हाती माझी नोकरी होती ते त्यांचे साहेब. औषधपाणी आणि मंत्रतंत्र करणारी वैदू शोभा, म्हणजे ताई. आणि चोर सुधाकर. सुधाकर म्हणजे मी. (मी म्हटलं, छान आहे. नोकरीचा प्रश्न होता.)

पण हात न लावता समज यावी कशी? सोमवारी मी नुसतं बघतो म्हणून बसलो. मंगळवारी आई मागे येऊन उभी राहिली. बुधवारी बाबा ड्यूटीवरून आले ते सायकल अंगणात आडवी टाकून सरळ पडद्यासमोर!

आईने आल्या आल्या खर्चाचा ताबा घेतला. मी दुकानात तलवार बघत होतो.

"पयले शिदोरी घे."

"आई, तलवार..."

"उपाशी पोटी तलवार कोन उचलन? तू?"

चौघांच्या पाठीवर इतकी शिदोरी झाली, की चोराला पळता येईना. पुढे जंगलात बी आला. मी मारायची कळ दाबणार, तोच बाबांनी मनगट धरलं.

"तलवार कायले काढतो बे? अस्वल आपल्या वाटेनं चाललं. उभा राय. जाऊ दे त्याले."

मी दोन्ही हात वर केले. तो बी एक एक घर सरकत आमच्या अगदी शेजारून गेला आणि झाडीत नाहीसा झाला. बाबा पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "हा लिहिणारा मानूस जंगलात राह्यला असन." कुठला कोण तो, आणि माझ्या बापाचं अस्वल त्याला ठाऊक!

इथे थांबायला हवं होतं. पण माणसाला एकदा अस्वल सोडता आलं की तो स्वतःला कोणीतरी समजू लागतो. शुक्रवारी दुपारी मी चौघांना घेऊन गुहेकडे निघालो.

"थांब!" आई ओरडली. "शोभी कुठी चालली?"

"गुहेत."

"सातवा लागला तिले! आपन तिले नाला ओलांडू नाई देत, आन तू तिले गुहेत नेऊन राह्यला?"

"आई, ही खेळातली शोभा आहे."

"नाव कोनाचं आहे?"

"माह्यं," ताई पलंगावरून म्हणाली.

"मंग?"

या 'मंग'वर बी.एस्सी.च्या तीन वर्षांत काहीही शिकवलेलं नव्हतं. मी मागे फिरलो, शोभाला सरायीत ठेवलं, तिच्यासाठी सगळ्यांत महागडी खोली घेतली ("खाली सतरंजी नको, पलंग पाह्य!") आणि आम्ही तिघे गडी गुहेत शिरलो. जखमा बऱ्या करणारी एकमेव बाई पलंगावर आराम करत होती, हे माझ्या ध्यानात आत गेल्यावर आलं.

अंधारातून डी आला.

पहिल्या फटक्यात साहेब गेले. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता! दुसऱ्या फटक्यात भाऊजी. आईचा हात आपोआप ताईच्या कुंकवाकडे गेला. मी पळायची कळ दाबली, पण पाठीवर आईची शिदोरी होती. तिसऱ्या फटक्यात मी स्वतःला मरताना पाहिलं. फ्लॉपीची पेटी घर्र घर्र करू लागली. मशीन आम्हाला लिहून ठेवत होतं.

शनिवारी संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा मला कडक ताप होता. (तो मीच आणला होता.) पांघरुणाच्या फटीतून मी बघत होतो. आईने त्यांना पाणी दिलं आणि पदर सारखा करत सरळ सांगून टाकलं.

"जवाईबापू, तुमी काल गेले."

"मी? मी त आताच आलो, आई."

"गुहेत गेले. तुमी, तुमचा साहेब आन आमचा सुधाकर. तिघंबी."

भाऊजी तसेच बुटांसकट मशीनपाशी धावले. पडदा उजळला, तीन नावांसमोर तीन क्रूस. आठ महिने! ते एकेका क्रुसावर बोट ठेवत गेले. नोकरी गेली, बहिणीचं घर तुटलं, आता आपण पोंभुर्ण्याच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायचं, असं मी पांघरुणातच ठरवलं. मग भाऊजींचा आवाज आला.

"शोभा सरायीत आहे? तिले तिथी कोनं ठेवलं?"

"मी," आई म्हणाली. "काऊन? खोली चांगली नाई?"

"आई!" भाऊजी खुर्चीवरून उठलेच. "तिच्यापाशी मेलेल्याले उठवाचा मंत्र आहे! चौघं संगं गेले असते त सारंच संपलं होतं! या चौघांच्या आधी मी सतरा डाव चौघांनाबी घेऊनच मेलो!"

माझा ताप उतरला. भाऊजी त्याच पावली शोभाला गुहेकडे धाडणार होते, पण आईने टीव्हीचं बटणच बंद केलं. "दिवेलागणीले लेकीले घराबाहेर नाई पाठवत. सकाळी पाहू." भाऊजी सासूपुढे काय बोलणार! रात्रभर ते कूस बदलत होते, असं ताई सांगते.

रविवारी सकाळी न्याहारी उरकून सगळे बसलो. भाऊजींनी कीबोर्डकडे हात नेला, तर ताई म्हणाली, "सरका. नाव माह्यं आहे, मीच जातो." आणि पोट सांभाळत बसली.

"आता नको जाऊ," बाबा म्हणाले. खेळातही तेव्हा सकाळच होती. "तीन मानसं खाऊन बसलं ते. पोट भरलेलं जनावर उन्हं चढली का झोपते. दुपार होऊ दे."

"मी दरवेळेस रातीच जात होतो," भाऊजी पुटपुटले.

"मंग मरानच ना," बाबा म्हणाले, नव्या भरती झालेल्या पोराला सांगावं तसं.

खेळातली दुपार झाली. शोभा एकटी निघाली. गुहेत शिरली. डी होता, पण हलत नव्हता! ताई एक एक कळ दाबत होती. ती त्याच्या शेजारून गेली, आमच्यापाशी पोचली, आणि तेव्हा भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "शक्ती फक्त दोघांपुरतीच आहे."

"जवाई आन सुधाकर," आई लगेच म्हणाली.

"आई, साहेब..." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी कसला विचार करतो! "मला राहू दे, ताई," मी म्हणालो. "साहेबांना उठव!" माझ्या आयुष्यातला हा एकमेव त्याग, आणि तोही नोकरीसाठी.

ताईने भाऊजींना उठवलं, साहेबांना उठवलं. आणि डी हलला.

भाऊजींचा हात तलवारीच्या कळेवर गेला. आठ महिने ते याच घटकेसाठी जगले होते.

"मारू नोका!" बाबा आणि आई एकदमच म्हणाले. बाबांनी पुढे वाकून ताईच्या कानाशी सांगितलं, "पाठ नको दाखवू. पळू नको. मांगं मांगं सरक. सावकाश." ताई सरकली. डी एक घर पुढे, आम्ही एक घर मागे. तो थांबला, आम्ही थांबलो. भाऊजींनी हात मागे घेतला, ते सासऱ्यांच्या हुकमाबाहेर गेले नाहीत. शेवटी गुहेचं तोंड आलं आणि उजेड दिसला. ताई रडायला लागली, आणि तिला बघून भाऊजीही! डोळे पुसत म्हणाले, "मले गुहेतून मानसं जिवंत बाहेर आनता येतात हेच मालूम नव्हतं."

"आन माह्या पोराचं काय?" आईने विचारलं.

"त्याले पुढच्या शनिवारी आनू," भाऊजी म्हणाले. त्यांची बस होती. जाताना त्यांच्या हातात आईने पावभर लाखोळीच्या डाळीचं पुडकं दिलं, खेळ लिहिणाऱ्या माणसाला पाठवायला. त्यांनी ते निमूटपणे बॅगेत ठेवलं.

नोकरी मला मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, कारण मुलाखत ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बोलावणं बुधवारीच आलं. साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज होता, पण त्यांनी तो बाजूला सारला.

"तुमच्या भाऊजींनी सगळं सांगितलं. त्या वैदूला मागे ठेवायची अक्कल कोणाची?"

"आईची, साहेब."

"आणि जनावर दुपारी झोपतं हे?"

"बाबांचं."

"मशीन कोण चालवत होतं?"

"ताई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग एवढा वेळ तुम्ही काय करत होतात?"

खोटं बोलायचं नाही, असं बाबांनी निघताना बजावलं होतं.

"मी मेलेलो होतो, साहेब."