सावलीत सुकवलेली निर्गुडी
निर्गुडीच्या पाल्याचा उग्र वास आला की मला एमएस्सीचं शेवटचं वर्ष आठवतं. रानातल्या निर्गुडीच्या तेलाने जंतू मरतात का, हे मी तपासत होते. पण घाईपोटी कामतघरच्या आमच्या गच्चीवर वाळवलेल्या पाल्यातून तेल जेमतेम निघायचं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतू खुशाल वाढायचे. सर म्हणाले, "आता विषय बदल." शेवटचा एक प्रयत्न म्हणून मी अकलोलीला पाला तोडायला गेले, तेव्हा डोंगरपाड्यावरची एक मावशी डोक्यावरची मोळी उतरवून माझ्याजवळ थांबली. "पाला सुकवतेस कुठं?" "गच्चीवर, उन्हात." "उन्हात वास उडून जातो, बाय. मंग औषद काय रायला? सावलीत सुकव." तिने स्वतः पिशवीभर पाला खुडून दिला. तो पाला घरात सावलीत सुकवून तेल काढलं, तर थेंबाभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसलं. मी पेढे घेऊन पाड्यावर गेले. मावशी शांतपणे म्हणाली, "आमाला ठाव व्हता. तुला कलला, बरा झाला." आज मी कॉलेजात औषधी वनस्पतींचा हाच विषय शिकवते. पहिल्या दिवशी मुलांना पुस्तक उघडायला लावत नाही. बसमध्ये बसवून मावशीच्या अंगणात नेते.