वेशीपासून चारशे बारा पावलं

आमच्या हिच्या मामांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्यामागे पळून दमून घरी बसला असेल. मामाजी चहा उभ्याने पितात, पेपर येरझाऱ्या घालत वाचतात आणि लग्नात ताटातला भात संपायच्या आत वाढपी होऊन पंगतीत फिरू लागतात. उभा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार म्हणून गेला. रिटायर झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पाय मात्र यांच्याकडेच राहिले. त्या पायांवर त्यांचा भारी जीव. "माहं पाऊल म्हणजे अडीच फूट. चपलेत घ्या, नाहीतर चिखलात घ्या," असं ते कुणालाही, न विचारता सांगत.

मेहकरला त्यांच्या घरी गेलं की पाहुण्याची जुन्या गावातून वरात निघालीच म्हणून समजा. दुसरा कोणी असता तर त्याने कंचनीच्या महालाची गोष्ट सांगितली असती, दगडावरची नक्षी दाखवली असती. मामाजी सांगणार आकडे. वेशीपासून बालाजीचं मंदिर चारशे बारा पावलं, तिथून पैनगंगेचा उतार सहाशे नव्वद. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हौसेने एका जुन्या कमानीखाली मान वर करून उभा राहिलो, तर चाळीस पावलं पुढून हाक आली, "काऊन थांबले जवाईबापू? मोजणी मोडते ना." सासुरवाडीचे नवे बूट होते. टाचा सोलून निघाल्या.

गेल्या वर्षी मामाजी न्हाणीत घसरले, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. डॉक्टरांनी दिलेली काठी त्यांनी मामींना कपडे वाळत घालायला देऊन टाकली. चार महिन्यांनी वेशीपासून मंदिरापर्यंत गेले, तर पावलं भरली चारशे सत्तर. पुन्हा गेले, पुन्हा तेच. त्यांनी निदान केलं की फरशीचे नवे ठोकळे बसवताना नगरपालिकेने वळण वाढवलं आणि रस्ता लांबवला. नुसतं बोलून थांबतील तर ते मामाजी कसले! फेरमोजणीचा रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. मग मामींचा मला फोन आला. धड जेवत नाहीत, झोपत नाहीत, रोज अर्जाची चौकशी करायला जातात, तुम्हीच येऊन समजवा म्हणाल्या.

गेलो. समजवायला तोंड उघडतो तर मामाजींनी मलाच वेशीत नेऊन उभं केलं. आपली उंची सारखी, पाऊल सारखं, तेव्हा तुम्ही चाला, मी मोजतो, असा हुकूम झाला. आता आली का पंचाईत! नीट चालून चारशे बारा आणली, की या माणसाचे पाय गेले. रस्त्याला काय, तो बिचारा कुठे वाईट वाटून घेतो! मी पावलं आखडली. मंदिराच्या पायरीशी चारशे अडुसष्ट भरली.

"लांबलाच आहे हो मामाजी," मी म्हणालो.

मामाजी माझ्या पायांकडे बघत होते.

"पाऊल आखडून राह्यले तुमी," ते हळूच म्हणाले. "लोकायनं पाया पडून मले बांध सरकवाले सांगतलं, जवाईबापू. मी कोनाचाच सरकवला नाही. आता माह्यासाठी सरकवता का?"

त्यांनी मला तसंच नगरपालिकेत नेलं. अर्ज मागे घ्यायचा होता, आणि कारण माझ्याच हाताने लिहायला लावलं: 'रस्ता बरोबर आहे. अर्जदाराचे पाऊल कमी झाले आहे.' खाली सही केली, तारीख घातली, कागद दोनदा वाचला आणि स्वतः खिडकीत दिला.

परत येताना ते माझा दंड धरून चालले. रस्ताभर एक आकडा बोलले नाहीत. मीच त्यांच्या पावलाला पाऊल लावून मनात मोजत होतो, आणि डोळे भरून येत असल्यामुळे वेस येईपर्यंत दोनदा चुकलो.