न आलेली फळी

आमच्या ॲटलस डोंगरातल्या गावाची सामायिक भट्टी इद्दरकाका सांभाळतात. घराघरातून भाजायला येणारी कणकेची फळी पाहूनच ते घर ओळखतात. आरोग्य केंद्रातल्या सभेत नर्सबाईंनी सांगितलं होतं, "जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही."

एकट्या राहणाऱ्या इत्तोची फळी तीन दिवस आली नाही. काका तिच्या घरी गेले आणि त्यांनी सरळ विचारलं.

"काका, जीभ आवरा!" शेजारीण ओरडली.

"वाटतो," इत्तो म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं."

काका तिच्याजवळ बसून राहिले, मग तिला केंद्रात घेऊन गेले. तोवर गावाच्या रोट्या करपल्या.

"म्हातारा कामातून गेला," बायका म्हणाल्या.

महिन्यानं इत्तोची फळी आली. काकांनी तिची रोटी सगळ्यांच्या आधी भट्टीत सारली.